भाऊजींच्या मोटारीचा भोंगा

आमच्या भाऊजींनी जन्मात एकही दार एकदाच लावलं नाही. दार ओढायचं, कडी घालायची, कुलूप अडकवायचं, कुलपाला धरून अख्ख्या अंगाचा भार टाकायचा, मग गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, तिथे थांबून आभाळाकडे बघायचं आणि "आलोच" म्हणून मागे फिरायचं. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्याबरोबर मागे फिरत असे. पुढे ती गल्लीच्या टोकाशी उभी राहायला शिकली. त्याच्याही पुढे तिने तिथल्या कडुनिंबाखाली एक सपाट दगड आणवून घेतला आणि त्यावर ती बसू लागली. पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, या बाईंना दम्याचा त्रास असावा.

एकदा तिगावला नात्यातलं लग्न होतं. सगळे रेल्वेने निघाले. तिगाव स्टेशनात फलाटावर पाय ठेवला आणि भाऊजींचा चेहरा पडला. "कुलूप लावलं का न?" आक्का म्हणाली, "लावलं. मी पाह्यलं." "तू पाह्यलं, पण मी लावलं का?" या प्रश्नाला जगात कोणाजवळ उत्तर नाही. तेवढ्यात पांढुर्ण्याकडे जाणारी गाडी आली आणि भाऊजी तिच्यात चढले. ते पुन्हा तिगावला पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या, नवरी सासरी निघाली होती, आणि भाऊजींच्या तोंडावर मोठी शांती होती. "लावलेलंच होतं," ते म्हणाले. आक्काने झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं. थोडे घास पोटात गेले आणि त्यांचा हात थांबला. "पण मी तं ते उघडून पाह्यलं होतं. मंग वापस..." आक्काने ताट ओढून घेतलं.

ते टेलिफोन केंद्रात मेकॅनिक होते. खांबावर चढायचं, तार जोडायची आणि पलीकडच्या माणसाला विचारायचं, "आवाज येऊन राहिला का?" तिकडून "हाव" आलं की खाली उतरायचं. या नोकरीने त्यांना बिघडवलं, की असाच माणूस बघून नोकरीने त्यांना निवडलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घरीसुद्धा त्यांना वाक्यागणिक "हाव" लागायचं. "मी बाहेर जाऊन राहिलो." "हाव." "संध्याकाळी येतो." "हाव." आक्का पीठ मळता मळता, भांडी घासता घासता "हाव" म्हणत राही; कधी तर ते काही बोलायच्या आधीच म्हणून मोकळी होई. बुद्धविहारात त्यांचं लग्न लागलं तेव्हा नवरीच्या कानाशी वाकून त्यांनी जे पहिलं वाक्य म्हटलं ते आक्का आजही सांगते. "मागं बसलेल्या लोकाईले ऐकू गेलं असंन न?" पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं की पेटी उघडणारा पोस्टमन येईपर्यंत ते पेटीजवळ उभे राहत. चूल विझली का, हे बोट लावून बघत. ती विझली नव्हती हे पुढे आठवडाभर त्यांच्या बोटावर दिसे. पण गल्लीत एखादं म्हातारं माणूस एकटं असलं की रोज कामावर जाताना त्याच्या दाराशी थांबून "काकाजी, बरे आहा न?" विचारणारेही तेच, आणि आतून आवाज आल्याशिवाय ते तिथून हलत नसत.

मी तेव्हा सौंसरला कचेरीत कारकून होतो. रविवार आला की बस धरून आक्काकडे जाणं हा माझा धर्मच होता. अशाच एका रविवारी गल्लीत शिरतो तर घरासमोर मोटार उभी. भाऊजी मोहगावच्या एका बागायतदाराकडे फोनचं काही काम करायला म्हणून गेले होते आणि त्याची जुनी मोटार संत्र्याच्या ट्रकमागे दोराने बांधून घेऊन आले होते. तिकडे ती गोठ्यामागे किती वर्षं उभी होती कोण जाणे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी उबवत असत. आक्काने मागच्या सीटवर डोकावून पाहिलं आणि ती एवढंच म्हणाली, "कोंबड्या तरी मागून घ्याच्या होत्या."

भाऊजींनी तो सगळा उन्हाळा त्या मोटारीखाली झोपून काढला. अखेर ती सुरू झाली, आणि गल्लीतून विहारापर्यंत जाऊन परतही आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्कानेही वाजवल्या. मोटारीला दारं असतात आणि त्या दारांना कुलपं असतात, हे तिच्या ध्यानात यायला थोडा उशीर झाला. आता घराच्या एका कुलपावरचा संशय मोटारीच्या चारी दारांवर पसरला. कामावर पोचलेला माणूस घरी परत येऊ लागला. भर पावसात छत्री न घेता मोटारीभोवती प्रदक्षिणा घालू लागला. शेवटी त्यांचं त्यांनाच अति झालं असावं. एका रविवारी ते मला म्हणाले, "पाह्य, घराचं कुलूप बोलत नाही, कपाट बोलत नाही. पण गाडीले भोंगा आहे. म्हणजे गाडी बोलू शकते. चाबी फिरवली का गाडीनं सोताच मले हाव म्हणायचं. मंग मी कायले वापस येऊ?"

त्यांनी ड्रायव्हरच्या दारात, कुलपाच्या आत, एक इवलंसं बटण बसवलं. चावी फिरली की बटण दाबलं जायचं आणि भोंगा वाजायचा. पहिल्याच दिवशी दारातून धूर निघाला. एवढ्या मोठ्या भोंग्याची वीज त्या चिमुकल्या बटणाला सोसेना. मग नागपूरच्या भंगार बाजारातून ते एक रिले घेऊन आले. काडेपेटीएवढी डबी. रिले म्हणजे काय, हे मला कळावं म्हणून त्यांनी आवाज बारीक केला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "तुझी बहीण म्हणजे रिले. मी तिले हळूच सांगतो, ते साऱ्या गल्लीले सांगते. बटण फक्त रिलेच्या कानात बोलते. भोंग्याची मोठी वीज रिले सांभाळते." आतून आक्काचा आवाज आला, "हाव, ऐकू आलं."

भोंगाही त्यांनी भंगारातूनच आणला होता. तो पूर्वी कोणत्या गाडीवर होता ते सांगता येणार नाही, पण आवाजावरून ती गाडी रुळांवर चालत असावी. त्यात आणखी गंमत अशी की चावी फिरवून धरली असेल तोवर तो वाजत राही, आणि भाऊजींची खात्री पटेपर्यंत चावी सुटत नसे. जेवढा संशय तेवढा भोंगा. पगाराच्या दिवशी तो थोडक्यात आटपे. गावाला निघायचं असलं की विहारातली वंदना मध्येच थांबे. कापसाची गाडी घेऊन निघालेले बैल एकदा गाडीवानासकट भलत्याच गल्लीत शिरले. शेजारच्या कौतिकाबाई, वयाने सगळ्या गल्लीत मोठ्या, अंगणात तांदूळ निवडत बसल्या असल्या की सूप उडून सगळे तांदूळ पुन्हा खड्यांत मिसळत. "मढं उठून बसंन असा भोंगा आहे तुमचा," त्या म्हणत. "जरा लहान करा न बाप्पा!" भाऊजी नम्रपणे सांगत, "लहान केला तं माझी खात्री कशी होईन, काकू?"

या कौतिकाबाईंचा मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याची बायको शोभा, आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी सुजाता. पोर मोठी गोड. कोणी समोर आलं की दोन्ही हात वर करून हसायची. अजून बोलत नव्हती, पण कौतिकाबाई म्हणत, "तिचा बापही उशिरानंच बोलला. आता थांबत नाही."

थंडीचे दिवस होते. अंगणात ऊन पडलं होतं. शोभाने सुजाताला तेल लावून, मोटारीपासून हाकेच्या अंतरावर, खाटेवर बसवलं होतं आणि ती आत पाणी बघायला गेली होती. मी आणि भाऊजी बाजारातून आलो. भाऊजींनी दार लावलं आणि चावी फिरवली. भोंगा असा काही वाजला की माझ्या हातातली वांगी सांडली. कुत्रं उठून पळालं. कौतिकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आणि खाटेवरची पोर स्वतःची बोटं बघत बसली होती. एक बोट दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. तिने मान वर केली नाही.

मी वांगी गोळा करत होतो. भाऊजी हलले नाहीत. त्यांनी कुलूप उघडलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा तोच भोंगा. पोर बोटांशी खेळतच होती. मग ते तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, खिशातली चावी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तू फिरव. धरून ठेव." मी फिरवली, धरून ठेवली. गल्लीतली दारं उघडली, लोक ओरडू लागले. सुजाताने मान वळवली नाही. थोड्या वेळाने भाऊजींची सावली तिच्या अंगावर पडली, तेव्हा कुठे तिने मागे पाहिलं आणि दोन्ही हात वर करून ती हसली.

त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. नुसते पाटावर बसून राहिले. आयुष्यभर ज्यांनी कुलपावर, चुलीवर, पोस्टाच्या पेटीवर संशय घेतला, त्या माणसाला आपला संशय खोटा निघावा असं वाटताना मी पहिल्यांदाच बघत होतो. "मी बह्याडच आहो, पुरा येडा," ते म्हणाले. "मले तं दिसंन तिथी शंका येते. ही पण तसलीच असंन. नाही का?" ते आक्काकडे वळले. "नाही का?" आक्का कधी नव्हे ती "हाव" म्हणाली नाही. तिने पदर खोचला आणि ती शेजारी गेली.

पुढचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. "आमच्या पोट्टीले बहिरी म्हणून राहिला तो? ज्याले सोताचं कुलूप समजत नाही तो?" कौतिकाबाईंनी आमच्या दाराकडे तोंड करून जे काही म्हटलं त्यातलं निम्मं लिहिण्याजोगं नाही. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. मी सौंसरला परत आलो, पण माझं लक्ष लागेना. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा आक्का आणि शोभा आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, आणि शोभा रडत होती. भाऊजी दारात उभे होते. आत जावं की न जावं हे त्यांना कळत नव्हतं.

"दादा, मले माहीत होतं," शोभा त्यांना म्हणाली. "मागं एकदा मी तिच्या पाठीमागं पितळी परात पाडली. मुद्दाम. तिनं पाह्यलंच नाही. मी परात उचलली न कोणालेच सांगतलं नाही. मले वाटलं, सांगतलं नाही तं खरं होणार नाही."

भाऊजी खाली बसले. "नागपूरले जाऊ," ते म्हणाले. "कानाचा डॉक्टर पाहू. माझं खोटं निघालं तं तुमच्या सासूबाईच्या पाया पडतो." आणि मग न राहवून, "चालते न?" शोभाने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "हाव."

त्याच मोटारीतून नागपूरला गेलो. सौंसरच्या चौकात ते मला घ्यायला थांबले तेव्हा पुढच्या सीटवर शोभाचा नवरा बसला होता, आणि मागे आक्का, शोभा आणि साऱ्या गल्लीला आश्चर्य वाटावं अशा कौतिकाबाई. "मी पाया पडून घ्याले चालली," त्यांनी मला सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सुजाताच्या मागे घंटी वाजवली, डमरू वाजवला, कानाला यंत्र लावून तपासलं. मग म्हणाले, ऐकणं फार थोडं शिल्लक आहे, पण आहे. लवकर आणलंत हे बरं केलंत. यंत्र लावा, सतत लावा, तिच्याशी सतत बोला. हे वय हातचं गेलं की बोलणं अवघड होत जातं. घरातला एखादा आवाज घ्या, रोज तोच, पुन्हा पुन्हा. तो कुठून आला ते तिला दाखवा. आणि सुरुवातीला मोठे आवाज टाळा. घाबरली तर यंत्र काढून फेकेल आणि पुन्हा लावू देणार नाही.

कौतिकाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. भाऊजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांचाच संशय खरा निघाला होता आणि त्यांचं तोंड एखाद्या गुन्हेगारासारखं झालं होतं. कौतिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "पोट्टीसाठी काहीतरी खाले आना," त्या म्हणाल्या. भांडण तिथे मिटलं.

काही आठवड्यांनी यंत्र मिळालं. छातीवर अडकवायची एक डबी आणि तिच्यातून कानात जाणारी वायर. आक्काने डबीसाठी खिसा शिवून फुलाफुलांची झबली तयार ठेवली होती. नागपूरहून परतलो तेव्हा अख्खी गल्ली अंगणात जमली होती. सुजाता शोभाच्या कडेवर, कानात वायर, डोळे मोठे झालेले. लोक जवळ येऊन हळू हळू बोलत होते. सगळ्यांत शेवटी भाऊजी मोटारीतून उतरले, दार लावलं, आणि जन्माच्या सवयीने चावी फिरवली.

सुजाताची मान झटक्यात वळली. आवाजाकडे वळलेली ती तिची पहिली मान. आणि पुढच्याच क्षणी ती अशी किंचाळली की भोंगा फिका पडला. तिने वायर ओढून काढली, डबी उपटली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. "पह्यलाच आवाज राक्षसाचा ऐकवला," कौतिकाबाई म्हणाल्या, पण त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि तेच भाऊजींना जास्त लागलं. चावी हातात घेऊन ते नुसते उभे राहिले.

त्यानंतर डबी दिसली की सुजाता हातांनी ढकलायची. मोटार दिसली तरी रडायची. दिवसामागून दिवस यंत्र कपाटात पडून राहिलं. भाऊजींनी त्याच दिवशी भोंग्याची तार उपटून टाकली होती. आक्काने मला पुढचं सांगितलं. भोंगा गेल्यापासून ते पुन्हा मोटारीभोवती फिरू लागले होते. जेवताना उठायचे, दार ओढून बघायचे, परत येऊन बसायचे, पुन्हा उठायचे. आक्का दगडावर न बसता त्यांच्याबरोबर फेऱ्या मारू लागली होती.

एका रविवारी शोभा अंगणात आली. "दादा, भोंगा काढला का तुम्ही?"

"हाव."

"काऊन काढला?"

भाऊजी मोटारीचं दार ओढून बघू लागले.

"काढू नका. लहान करा," शोभा म्हणाली. "इवलासा करा, चिमणीएवढा. डॉक्टरनं सांगतलं न, रोजचा एकच आवाज पाह्यजे म्हणून. तुमच्याएवढा नेमानं आवाज काढणारा या गल्लीत दुसरा कोण आहे?"

भाऊजींना मी त्यानंतर जेवढं कामात बुडलेलं पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. अडचण सरळ होती. चावी फिरवून धरलेली असेल तोवर भोंगा वाजणार, आणि चावी लवकर सोडणं भाऊजींच्या हातात नव्हतं. ते त्यांनी स्वतःच कबूल केलं. "माझ्या मनगटावर माझा भरोसा नाही," ते म्हणाले. "मी कितीही येळ धरली तरी भोंगा एकदाच, जरासाच वाजला पाह्यजे." त्यासाठी त्यांनी बटण आणि रिले यांच्यामध्ये एक कंडेन्सर घातला. "हा म्हणजे पाण्याचा गडवा," त्यांनी मला समजावलं. "रिकामा आहे तोवर वीज त्याच्यात भरत राहते, तेवढाच येळ रिले चालू. गडवा भरला का वीज थांबली, रिले सुटला, भोंगा बंद. आपण चाबी धरून उभे राहा दिवसभर."

पोरीला घाबरवायचं नाही म्हणून कौतिकाबाईंनी तिला आणि शोभाला बोरगावला, शोभाच्या माहेरी धाडून दिलं आणि स्वतः अंगणात खाट टाकून बसल्या. पहिला गडवा फारच लहान निघाला. रिले नुसता "टिक" म्हणाला, भोंग्यापर्यंत बातमीच पोचली नाही. दुसरा इतका मोठा की म्हैस हंबरल्यासारखं झालं. तिसऱ्याने मात्र कमाल केली. चावी फिरली आणि नुसतं "पिप!" भाऊजींनी चावी धरून ठेवली होती, दात-ओठ खाऊन धरली होती, तरी पुढे काही नाही. गल्लीने जल्लोष केला. भाऊजींनी आनंदाने पुन्हा चावी फिरवली. भोंगा गप्प. पुन्हा फिरवली. गप्प. त्यांच्या तोंडाला फेस आला. मग ते मटकन खाली बसले आणि हसू लागले. "गडवा भरलेलाच आहे! रिकामा कोण करंन?" गडव्याला त्यांनी एक बारीक भोक ठेवलं, म्हणजे वीज हळूहळू झिरपून जाईल असा एक बारकासा तुकडा बाजूने जोडला, आणि चावी सोडून क्षणभर थांबलं की भोंगा पुन्हा "पिप" म्हणायला तयार.

लांबी जमली, पण कौतिकाबाई समाधानी नव्हत्या. "हे भांडकुदळ वाटते," त्या म्हणाल्या. "चिमणी भांडत नाही अशी." भाऊजींनी भोंग्याचं तोंड जमिनीकडे वळवलं, त्यात बारदान कोंबलं. पुन्हा "पिप". "आता कसं?" "अजून लहान." ज्या गल्लीने इतके महिने भोंग्याला शिव्या दिल्या होत्या तिने तो सबंध दिवस भोंगा सोसला, आणि प्रत्येकाने आपापलं मत दिलं. शेवटी ऊन उतरता उतरता कौतिकाबाई म्हणाल्या, "आता आना पोट्टीले."

यंत्र पुन्हा लावून घ्यायला सुजाताला फार मनवावं लागलं. आक्काने मोडलेल्या खेळण्याची एक डबी आपल्याही गळ्यात अडकवली, कौतिकाबाईंनीही अडकवली, तेव्हा कुठे तिने लावू दिली. मग रोज सकाळी भाऊजी कामावर निघताना आणि संध्याकाळी आल्यावर ती अंगणात पाठमोरी बसलेली असे, आणि ते चावी फिरवत. "पिप." शोभा तिला वळवून मोटार दाखवी. कुलूप उघडून पुन्हा, "पिप." पुन्हा उघडून, पुन्हा. तीच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा करायला भाऊजींहून लायक माणूस सबंध जिल्ह्यात सापडला नसता. ज्या सवयीने आक्काचं अर्धं आयुष्य कडुनिंबाखाली गेलं ती आता औषधासारखी वेळेवर पाजली जात होती. पोर मात्र मान वळवेना. आठवडे गेले. शोभा थकली. भाऊजी थकले नाहीत. निदान तसं दाखवलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा संत्र्यांचा मृग बहार उतरला होता. रविवार होता, म्हणून मी होतो. सुजाता अंगणात बसून संत्र्याची फोड चोखत होती, रस कोपरापर्यंत ओघळलेला. भाऊजींनी चावी फिरवली. "पिप." फोड ओठांशी थांबली. तिने भिंतीकडे पाहिलं. मग कडुनिंबाकडे. मग हळूच, अगदी हळूच, ती मागे वळली आणि मोटारीकडे बघून तिने रसाने भरलेला हात वर केला.

भाऊजींनी चावी कुलपातच सोडली. "वळली का?" त्यांनी शोभाला विचारलं. शोभाने मान डोलावली. मग त्यांनी आक्काला विचारलं, मला विचारलं, कौतिकाबाईंना विचारलं, आणि मग गल्लीतल्या घराघरात जाऊन, जे तिथे नव्हते त्यांनाही विचारलं. घराचं दार उघडंच टाकून गेले होते. ते आक्काने लावलं.

त्यानंतर आवाजांची रीघच लागली. रेल्वेची शिटी, जिनिंगचा भोंगा, विहारातली वंदना, कुकर. एकेका आवाजाशी भाऊजी तिला घेऊन जात आणि तो कुठून येतो ते दाखवत. तिचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. "पी" होता, आणि तो भाऊजींसाठी होता. शोभाला थोडं वाईट वाटलं असावं, पण पुढच्याच महिन्यात "आई"सुद्धा आलं, आणि सगळ्या गल्लीला वाटलेल्या पेढ्यांत ते वाईट विरघळून गेलं.

सुजाता मोठी झाली तशी नागपूरला कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत राहायला गेली. मोटार पुढे फार चालली नाही. भाऊजींनाही एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं. आयुष्यभर तोच कान फोनला लावला होता. निवृत्तीनंतर ते थोडे गप्पही झाले. लोकांना दोनदा विचारायला त्यांना आता संकोच वाटतो, असं आक्का म्हणते. न ऐकता नुसती मान हलवतात आणि बाजूला जाऊन बसतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा सुजाता आली होती. अंगणात भाऊजींच्या शेजारी बसून ती वसतिगृहातली कसलीशी मोठी गोष्ट सांगत होती. तिचं बोलणं अजून थोडं गोलसर आहे, पण कळतं. भाऊजी मान हलवत होते. मध्येच ती थांबली. त्यांना काहीच ऐकू गेलं नाही, हे तिने ओळखलं होतं. तिने आपल्या दोन्ही हातांनी त्यांचं तोंड हळूच स्वतःकडे वळवलं, आणि ओठ स्पष्ट उघडत, न रागावता, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.